गोधडीच्या पोटातली गाठ

चूक माझीच होती, ती आधी सांगून टाकते.

आजीची गोधडी मी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. एवढंच केलं असतं तरी निभावलं असतं. पण त्याआधी एका दुपारी छोटी कात्री घेऊन मी तिच्यावरचे ‘जास्तीचे’ दोरे कापले. वरचं लुगडं ठिकठिकाणी विरलं होतं आणि त्या विरलेल्या जागांतून पांढऱ्या दोऱ्याची बोटभर टोकं बाहेर डोकावत होती. मला वाटलं, आजीने घाईत सोडून दिली असतील. तिसऱ्या धुण्याला गोधडीच्या मधल्या सात-आठ ओळी सरळ निघून आल्या. आतल्या चिंध्या एका बाजूला गोळा झाल्या, आणि ज्या गोधडीखाली आमच्या घरातली तीन पोरं लहानाची मोठी झाली ती ओल्या बोचक्यासारखी दिसायला लागली.

आमचं घर कन्हानला. नागपूरहून जुन्या जबलपूर रोडने निघालात की कामठी लागते, मग कन्हान नदीवरचा पूल, आणि पूल ओलांडला की आम्ही. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. रामटेकला जाणारी रेल्वेलाइन इथूनच फुटते. कोलियरीतले छत्तीसगढी शेजारी गोधडीला कथरी म्हणतात. म्हाताऱ्या बाया ‘वाकळ’मधला ळ खाऊन ‘वाकय’ म्हणतात. कथरी हा शब्द संस्कृतातल्या कंथेकडून आलेला, म्हणजे भिक्षू आणि जोगी अंगावर घ्यायचे ती चिंध्यांची शिवलेली कंथा. वस्तू फार जुनी आहे. तिच्या चिंध्यांबद्दल, रंगांबद्दल, मायेच्या उबेबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. दोऱ्याचं टोक कुठे जातं, याबद्दल मला तरी कुठे काही वाचायला मिळालं नाही. आणि माझा सगळा घोटाळा नेमका तिथे झाला होता.

तांदळाचं पोतं तुम्ही कधी उघडलंय? शिवणीचं बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सर्रकन सुटते. चुकीचं टोक धरलं तर घट्ट बसते आणि मग सुरी लागते. ती साखळीची शिवण. बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, ते यंत्रही अशीच साखळी घालायचं. गोधडीचा धावदोरा तसा एका झटक्यात सुटत नाही, पण तोही शेवटी टोकाच्याच भरवशावर असतो. टोक मोकळं झालं की प्रत्येक धुण्याला, प्रत्येक कूस बदलण्याला दोरा थोडा थोडा मागे सरकतो. मधले हजार टाके कितीही नेटके असोत, राखण करणारे दोनच: पहिली गाठ आणि शेवटची गाठ.

आता ही टोकं किती असतात ते बघा. आजीच्या गोधडीत मी ६४ ओळी मोजल्या, प्रत्येक साधारण ६ फुटांची. म्हणजे चारशे फुटांच्या आसपास दोरा. पण हाताने शिवताना एका वेळी लांबच लांब दोरा ओवता येत नाही. कापडातून शंभरदा ये-जा करून तो पिंजतो, गुंततो, तुटतो. दोन हात पसरून छातीपर्यंत येईल एवढाच घ्यायचा, फार तर तीन फूट. हिशेब केला तर एका गोधडीत सव्वाशे ते दीडशे दोरे, आणि त्याच्या दुप्पट टोकं. अडीचशेहून जास्त टोकं, आणि चांगल्या गोधडीवर त्यातलं एकही दिसत नाही.

ती लपवायची कशी, हे मला आत्याने शिवून दाखवलं. दोऱ्याला गाठ मारायची. जिथे टाका सुरू करायचा तिथून अंगठाभर दूर सुई घालायची, फक्त वरच्या पदरातून, आणि आतल्या थरांमधून नेऊन हव्या जागी वर काढायची. मग दोरा हलकेच हिसडायचा. गाठ वरच्या कापडातून टुक् करून आत जाते. जोर जास्त झाला तर पुन्हा बाहेर येते आणि कमी झाला तर वरच बसून राहते. दोरा संपत आला की कापडाला लागून बारीक गाठ, एक उलट टाका, आणि सुई परत पोटात. आतल्या आत अंगठाभर प्रवास, मग बाहेर. दोरा ताणून धरायचा आणि कापडालगत कापायचा. ताण सुटला की उरलेलं शेपूट आत ओढलं जातं.

मी कापली होती ती ही शेपटं. ती जास्तीची नव्हती. बोटभर दोरा पोटात चिंध्यांना धरून असतो म्हणूनच गाठ टिकते. वरचं कापड विरलं, शेपूट उघडं पडलं, आणि मी त्याला कचरा समजले.

“असं काहून केलं वं?” आत्या म्हणाली. रागावली नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

मग दुरुस्तीचा माझा पहिला प्रयत्न. दुकानातून चांगलं चकचकीत पॉलिस्टरचं रीळ आणलं, व्हिडिओ बघत बघत दोन ओळी घातल्या, गाठी आत ढकलल्या. पंधरा दिवसांत दोन्ही सुटल्या. गाठ आपोआप उकलली होती. पॉलिस्टरचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडात लागला. त्याचा तंतू सलग आणि गुळगुळीत असतो. सुताच्या दोऱ्यावर कापसाची बारीक लव असते, ती लव गाठीला पकडते आणि गाठ चिंध्यांना पकडते. शर्टाला पॉलिस्टर उत्तम. गोधडीला सूत हवं, आणि तेही फार चकचकीत नको.

हे सूत यायचं कुठून, हा प्रश्न मला इतिहासात घेऊन गेला.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्या भागात ते घरातूनच यायचं. बाया चरख्यावर जाडंभरडं सूत काढायच्या, महार आणि कोष्टी विणकर त्याचं कापड विणायचे. मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचे साहेब कापूस आयुक्त होते. १८६८-६९ च्या कापूस खात्याच्या अहवालात त्यांनी आपली आशा मोकळेपणाने मांडली: रेल्वेने विलायती कापड इतकं स्वस्त येईल की इथलं जाडं कापड मागे पडेल, सूत काढणारे-विणणारे हात शेतीकडे वळतील, आणि कापूस जास्त पिकेल. वाचताना मी थांबले. हे लपूनछपून केलेलं कारस्थान नव्हतं, सरकारी अहवालात छापलेला विचार होता. आजीच्या आजीचा चरखा कसा थांबला असेल, ते त्या एका परिच्छेदात होतं.

विलायती शिवणदोऱ्याचीही गोष्ट आहे. युरोपातही शिवायचा दोरा बराच काळ लिननचा किंवा रेशमाचा असे. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनची व्यापारी नाकेबंदी केली, रेशीम मिळेना, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या क्लार्क कुटुंबाने कापसाचा पिळदार दोरा बनवला. पुढे तो लाकडी रिळावर गुंडाळून जगभर गेला. रीळ हातात आलं म्हणजे दोरा वळायचं काम सुटलं. पण रिळाला पैसे पडतात, आणि गोधडी ही पैसे न टाकता करायची वस्तू. त्यामुळे खेडोपाडी बाया लुगड्याचे काठ उसवून, उरलंसुरलं सूत वळून काम भागवत राहिल्या.

आणि मग गिरण्या आल्या. जमशेटजी टाटांनी नागपूरच्या रेल्वे स्टेशनजवळ, जुम्मा तलावाच्या कडेची दलदलीची जागा भरून गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. आज तिथे मॉल आहे. तुम्ही तिथे सिनेमा बघितला असेल, मीही बघितलाय. सूत काढायचं नवं तंत्र, रिंग फ्रेम, लँकेशायरचे बडे गिरणीवाले नाक मुरडत असताना एम्प्रेसने १८८३ च्या सुमारास आणून चालवून बघितलं. चाती न थांबता फिरत राहते आणि सूत अखंड निघत राहतं.

अखंड म्हणजे कागदावर अखंड. सूत तुटतंच. हवा कोरडी झाली तुटतं, कापूस हलका निघाला तुटतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. म्हणून प्रत्येक गिरणीत एक फौज फक्त टोकं जोडण्यासाठी असायची. कताई खात्यात, ज्याला कामगार ‘त्रासन’ म्हणत, पीसर रांगेतून फिरत तुटलेलं टोक पुन्हा कापसाच्या पेळूला लावायचा. तिथे गाठ नसते, तंतूत तंतू पिळून सांधा. या कामाला लहान बोटं बरी पडतात हे मालकांना लवकर कळलं. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम दिवसाला नऊ तासांवर आणलं. म्हणजे कायदा होण्याआधी काय चालत असेल, ते त्या आकड्यांवरून ओळखा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं.

विणकाम खात्यातलं टोक आणखी वेगळं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते तोंड लावून चोखून काढत. लँकेशायरमध्येही असंच करत आणि त्याला शटलचं चुंबन म्हणत. क्षयासारखे रोग त्यातून पसरण्याची भीती होती, तरी प्रथा टिकली. आपल्याकडे त्याला वेगळंच वळण लागलं. दुसऱ्याच्या थुंकीचा धागा तोंडात कसा घ्यायचा, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊच दिलं नाही. पगार तिथेच जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला आणि मागण्यांमध्ये तो घ्यायला लावला. दोऱ्याचं एक टोक, त्यावरून कोण कुठल्या खात्यात जाणार आणि किती कमावणार ते ठरायचं. शाळेत औद्योगिक क्रांतीचा धडा शिकले तेव्हा हे कुठे नव्हतं.

आता परत गोधडीकडे, कारण खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

सुटलेल्या ओळी नीट शिवण्याआधी आत्या आणि मी गोधडीची एक बाजू उसवली. आत थरच थर होते. आजोबांच्या धोतराचे तुकडे, कुठल्याशा पडद्याचं हिरवं कापड, एक गुलाबी परकर, आणि अगदी मधोमध, अंगाला लागू नये पण सगळ्यांत जपून राहावं अशा जागी, एक पांढरं लुगडं. त्यावर बाकीचे कपडे दुमडून ठेवल्यासारखे. आत्याने ते ओळखलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जाताना आजीने नेसलेलं. पांढरे कपडे घालून या असा निरोप होता आणि कन्हान-कामठीहून माणसं मिळेल त्या गाडीने आणि पायीही गेली होती. लुगडं फाटेपर्यंत नेसलं आणि फाटल्यावर गोधडीत गेलं, एवढंच आत्या म्हणाली.

मी मात्र गाठी बघत होते. ओळीच्या सुरुवातीच्या गाठी नेहमीच्या होत्या, बोटाला दोरा गुंडाळून चुरगळतो तशा. पण काही ठिकाणी ओळीच्या मध्येच दोरा संपला होता, आणि तिथे आजीने तो बंद करून नवा सुरू केला नव्हता. जुन्या दोऱ्यालाच नवा जोडला होता. ती गाठ फार बारीक आणि चपटी, दोन्ही बाजूंनी सारखी. दोन थरांच्या मधून ती सहज सरकत होती. आत्याला ती येत नव्हती. आईला येत नव्हती. शेजारच्या काकूंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात, त्याही म्हणाल्या, आमची अशी नसते.

कामठीत हातमागाचं काम फार जुनं आहे. मोमीन विणकरांची कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या तेच करत आली. आता माग थोडे उरलेत. ओळखीतून एका म्हाताऱ्या विणकर चाचांकडे गेले, गोधडीचा तुकडा सोबत घेऊन. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि लगेच म्हणाले, “बेटा, ये तो बुनकर की गाँठ है. आपके घर में कौन था काम पर?”

मी म्हटलं, कोणी नाही. आजोबा गिरणीत होते, पण ते इंजिन खात्यात, तेलपाणी करायचे.

“मर्द की नहीं, औरत की लगती है,” ते म्हणाले. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. मग त्यांनी ती गाठ मला करून दाखवली. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत दोन टोकं फुलीसारखी धरायची. खालच्या दोऱ्याचा फेरा स्वतःच्याच शेपटाभोवती मागून घेऊन पुढे आणायचा. दुसरं टोक त्या फेऱ्यात अंगठ्याने दाबायचं आणि ओढायचं. त्यांना दोन सेकंद लागले. बोटं दिसलीसुद्धा नाहीत.

घरी येऊन आत्याला विचारलं.

“माय वाइंडिंगमधी होती ना वं,” ती म्हणाली, जणू हे मला माहीत असायलाच हवं. “चार-पाच वर्षं. मी पोटात असेपर्यंत. तुले कोणी सांगितलं नाही?”

कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ‘गिरणीत होते’ म्हणजे आजोबा. आजी ‘घरीच असायची’. आणि ही बाई पहाटेच्या पॅसेंजरने नागपूरला जायची. वाइंडिंग आणि रीलिंग ही गिरणीतली बायकांची खाती, मुंबईपासून नागपूरपर्यंत सगळीकडे. कताईतून आलेलं सूत छोट्या बॉबिनवर असतं, ते मोठ्या कोनावर गुंडाळायचं. बॉबिन संपली की गाठ, सूत तुटलं की गाठ. दिवसभर शेकडो गाठी. आणि गाठ अशी हवी की मागावर फणीच्या दातांतून आणि वईच्या डोळ्यांतून अडकता जाऊ नये. जाड गाठ आली की ताणा तुटतो, ताणा तुटला की माग थांबतो, माग थांबला की कोणाची गाठ होती ते शोधलं जातं. न दिसणारी गाठ मारणं हीच तिची नोकरी होती.

पुढे ही कामं यंत्रांकडे गेली. आधी हातात घालायचं गाठ मारणारं छोटं यंत्र निघालं. मग १९७०-८० च्या दशकांत स्प्लायसर आला, जो हवेच्या झोताने दोन टोकांचे तंतू उकलून एकमेकांत मिसळतो आणि गाठच ठेवत नाही. वाइंडिंग खात्यातल्या बायकांची संख्या त्याच्याही आधीपासून घटत होती. त्या कुठे गेल्या, त्याचा हिशेब कोण ठेवणार? रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या चार खंडी ग्रंथात शिंप्यांवर वेगळं प्रकरण आहे, कोष्ट्यांवर आहे. घरी गोधडी शिवणारीवर नाही, कारण ती कुठली जात नाही, कोणाचा धंदा नाही. गिरणीच्या नोंदींत आजी असली तर एका हजेरीपटावर, बिल्ल्याच्या आकड्यासारखी. घरच्या आठवणीत तीही नव्हती. उरली होती ती ओळीच्या मधली गाठ.

दोऱ्याचंही कोडं मग सुटलं. आजीच्या गोधडीतला दोरा रिळाचा नव्हता. तो तीन-चार बारीक सुतं एकत्र वळून केलेला होता. उन्हात धरला की वेगवेगळे पदर दिसतात. गिरणीचं सूत एकपदरी असतं, शिवायला कच्चं. ते वळून, मेण लावून पक्कं करावं लागतं. ते सूत घरी कसं आलं, यावर आत्या फक्त हसली.

दुरुस्तीला तीन महिने लागले, रविवार-रविवार करत. पांढरं लुगडं होतं तिथेच ठेवलं. सुती दोरा आणला, अँकरचा नाही, गोधडीवाल्यांकडे लडीने मिळतो तो साधा, बिनचमकीचा. त्याला मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्यायची सवय लागली. चाचांची गाठ पहिल्या चाळीस वेळा जमली नाही. फेरा सुटायचा, नाहीतर शेपूट चुकीच्या बाजूने निघायचं आणि नुसतीच आंधळी गाठ बसायची. एकेचाळिसाव्यांदा जमली की त्रेचाळिसाव्यांदा ते आठवत नाही, पण जमली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि दाखवायला कोणी जागं नव्हतं.

शेवटची ओळ शिवून झाल्यावर गोधडी खाटेवर पसरली. आत्याला आता जवळचं दिसत नाही, ऑपरेशन व्हायचं आहे. ती डोळे मिटूनच तळवा फिरवत गेली, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सावकाश. मध्ये थांबली.

“हे तुयी हाये,” ती म्हणाली.

थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबली. “हेबी तुयीच.”

असं सहा-सात वेळा झालं. ज्या जागी आजीच्या गाठी होत्या, त्यावरून तिचा हात सरळ निघून गेला.